पांढरीवर बांधकाम येण्याआधी: नुसती पाहणी, चाचणी खड्डा की लांब चर?

गावाच्या कडेला एखादं टेकाड असतं. सभोवतालचं रान काळं, आणि या टेकाडाची माती करडी-पांढुरकी, भुसभुशीत. पहिला पाऊस पडून गेला की त्यावर खापरं उघडी पडतात. शंखाच्या बांगडीचा तुकडा सापडतो, एखादा मणी सापडतो. जुनी माणसं त्याला पांढर म्हणतात. तिथली माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून किंवा धाब्याच्या घरावर घालायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली आहे. ही माती पांढरी झाली ती शेकडो वर्षांच्या चुलींच्या राखेनं, शेणानं, पडलेल्या मातीच्या भिंतींनी. म्हणजे ते टेकाड हेच एक जुनं गाव आहे.

आता अशा जागेवर किंवा तिच्या शेजारी गोदाम, सौर प्रकल्प, पाण्याची टाकी, रस्त्याचं रुंदीकरण किंवा पाझर तलाव येणार आहे असं धरू. खाली काय आहे हे आधी तपासायचं ठरलं, तर कशानं तपासायचं? पर्याय बरेच आहेत आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. हा आढावा सरपंच, जमीनमालक आणि प्रकल्पाचे अभियंते यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण चाचणी उत्खनन कुठे, किती आणि कोणत्या आकाराचं, याचा निर्णय त्यांच्या टेबलावर येतो आणि बहुतेकदा फार उशिरा येतो.

आधी वेळ ठरवा, मग पद्धत

पद्धतींची तुलना करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आराखडा अजून बदलता येतो का? टाकी वीस मीटर पलीकडे सरकवता येते, सौर पॅनेलच्या रांगा टेकाड वगळून लावता येतात, रस्त्याचं वळण थोडं मोठं करता येतं, अशी स्थिती असेल तर चाचणी खड्ड्याला अर्थ आहे. निविदा निघून कंत्राटदाराची यंत्रं उभी राहिली असतील, तर चाचणीचा निकाल काहीही येवो, हातात उरतं ते फक्त बचाव उत्खनन. मिळेल तेवढं काढा, नोंदवा आणि जागा सोडा.

बचाव उत्खनन वाईट असतं असं मुळीच नाही. नागार्जुनकोंड्याचं उदाहरण आपल्या देशात सगळ्यात मोठं. कृष्णेच्या खोऱ्यातली इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी, तिथले स्तूप आणि विहार नागार्जुनसागर धरणात जाणार हे ठरल्यावर 1954 ते 1960 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथे प्रचंड काम केलं. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष त्या एका खोऱ्यात नोंदले गेले. काही वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या, आणि ती टेकडी आज जलाशयातलं बेट आहे. पण तिथे सगळी शक्ती एका राष्ट्रीय प्रकल्पामागे उभी होती. तालुक्यातल्या एका गोदामासाठी असा सहा वर्षांचा वेळ किंवा अशी माणसं कोणी देणार नाही. म्हणून लहान प्रकल्पात आधीची चाचणी ही जास्त मोलाची गोष्ट आहे. जमीनखरेदीच्या किंवा अकृषिक परवानगीच्या टप्प्यावरच ती उरकावी, हे माझं ठाम मत.

परवानगी, आणि मनातली भीती

स्वतःच जेसीबी बोलावून 'जरा बघू' म्हणून खणणं हा पर्याय या तुलनेत नाहीच. पुरातत्त्वीय उत्खननाला परवाना लागतो, आणि जागा संरक्षित नसली तरी लागतो. 1958 च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याचं कलम 24 तर राज्य सरकारलाही केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय असं उत्खनन करू देत नाही. त्यामुळे व्यवहारात रस्ता असा: राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, पुण्याचं डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग यांसारख्या संस्थेला आधी जागा दाखवायची, आणि परवान्याचा अर्ज त्यांनी करायचा. जागा फिरून बघायला, छायाचित्रं काढायला आणि नकाशावर खुणा करायला मात्र वेळ दवडायचं कारण नाही.

केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर नियम वेगळे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येतं. तिथे चाचणीची चर्चा करण्याआधी मोजणीचा नकाशा घेऊन हद्द पाहा.

आणि भीती. 'खापर सापडलं की जमीन सरकारजमा' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं, आणि याच धास्तीपोटी रात्रीतून टेकाडं सपाट केली जातात. कायदा तसं म्हणत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करायची तर केंद्राला आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते, त्यावर हरकती घ्याव्या लागतात. राज्यभरात पांढरी असंख्य आहेत आणि त्यातल्या फारच थोड्या संरक्षित झाल्या आहेत. चाचणीत वस्तीचे थर लागले, म्हणजे प्रकल्प बुडाला असं होत नाही. बहुतेक वेळा जागा थोडी सरकते किंवा पायाची रचना बदलते. मौल्यवान वस्तू सापडली तर मात्र 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची, जमिनीत दडलेली वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये हा आकडा त्या काळचा आहे, बंधन आजचं आहे.

नुसती पाहणी

सगळ्यात स्वस्त पर्याय, आणि कुठेही वगळू नये असा. पेरणीआधी नांगरून पडलेल्या, पाऊस पडून धुतलेल्या रानात दोन-तीन माणसांनी रांगेत चालायचं, खापरं कुठे दाट आणि कुठे विरळ ते नकाशावर मांडायचं. लाल रंगावर काळी नक्षी असलेलं जोर्वे पद्धतीचं खापर ओळखणारा माणूस सोबत असेल, तर तासाभरात तो सांगेल की ही वस्ती तीन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनकाळातली की मराठेशाहीतली.

या पाहणीत फुकट मिळणारी एक गोष्ट लोक विसरतात: आधीच कापलेली जमीन. जुनी विहीर, नाल्याची धडी, रस्त्यासाठी खोदलेला कडा, शेततळ्याची भिंत. तिथे राखेचे पट्टे, चोपलेल्या जमिनीची ओळ, खापरांचा थर उभा दिसतो. ज्या टेकाडाला असा कडा आहे तिथे चाचणीचं अर्धं काम निसर्गानं किंवा ठेकेदारानं आधीच करून ठेवलेलं असतं.

पण पाहणीवर एकट्यानं विसंबू नये, आणि याचं कारण खास आपल्याकडचं आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात गेली, तिच्याबरोबर खापरंही गेली. त्यामुळे टेकाडापासून दूर, काळ्या रानात खापरं दाट दिसली तरी तिथे वस्ती असेलच असं नाही. उलट नदीकाठच्या मळईत वस्ती गाळाखाली गाडलेली असते आणि वर एकही खापर दिसत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांतून वरचं खापर खाली जातं, खालचं हळूहळू वर येतं. ही गफलत सोडवायला जमिनीत उतरावंच लागतं. खापरं नांगराच्या खोलीपर्यंतच असतील, कडा झिजलेल्या असतील, तर ती आलेली आहेत. त्याखाली राख, चूल, चोपलेली जमीन लागली तर ती तिथलीच आहेत.

यंत्रानं खाली बघणं

जमीन न खणता आत डोकावणारी रडार, चुंबकीय मोजणी, विद्युत रोध मोजणी ही साधनं युरोपात मोठमोठ्या शेतांवर उत्तम चालतात. प्रस्ताव देणारी कंपनी तुम्हाला रंगीत नकाशे दाखवेल. दख्खनमध्ये ते नकाशे जपून वाचा. चिकण काळ्या मातीत, विशेषतः ती ओलसर असताना, रडारच्या लहरी वरच्या वरच विरतात. खाली बेसाल्टचा खडक आणि त्याचा मुरूम स्वतःच चुंबकीय असल्यानं चुलीचा किंवा भट्टीचा क्षीण संकेत त्या गोंगाटात हरवतो. शिवाय आपल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या) घरांच्या भिंती कूड आणि मातीच्या. आजूबाजूची माती आणि पडलेली भिंत यांत यंत्राला फरक कळावा इतका भेदच नसतो.

विटांची किंवा दगडी बांधणी अपेक्षित असेल, उदाहरणार्थ सातवाहनकाळातलं नगर, स्तूप, गढीचा तट, तिथे यंत्राचा उपयोग आहे. मातीच्या वस्तीसाठी मी त्यावर खर्च करायला सांगणार नाही. तेच पैसे आणखी दोन खड्ड्यांना घाला.

चौकोनी खड्डा विरुद्ध लांब चर

खरी निवड इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे रूढ पद्धत चौकोनी खड्ड्याची. दोन बाय दोन किंवा चार बाय चार मीटरचा चौकोन आखायचा, पाच ते दहा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी कुदळ-खुरप्यानं उतरायचं, प्रत्येक थराची माती चाळायची, कोळसा आणि जळके दाणे वेगळे काढायचे, आणि माणसाचा हात न लागलेली मूळ माती किंवा मुरूम येईपर्यंत थांबायचं नाही. शेवटी चारही बाजूंच्या उभ्या छेदांचं रेखाटन.

युरोपातली पद्धत वेगळी वाढली. इंग्लंडमध्ये 1990 पासून नियोजन परवानगीच्या आधी जागेची पुरातत्त्वीय तपासणी ही नेहमीची बाब झाली आणि तिचा खर्च विकासकावर आला. फ्रान्समध्ये अशा प्राथमिक तपासणीत जागेचा साधारण 5 ते 10 टक्के भाग उघडला जातो. तिथे दात नसलेल्या सपाट बकेटचं यंत्र तीस-पन्नास मीटर लांब, दोन मीटर रुंद चर खणतं. वरची नांगरटीची माती सोलून काढली की खालच्या फिकट मातीवर खड्डे, खांबांची भोकं, जुने चर गडद डागांसारखे उमटतात. सगळं खाली खणत नाहीत. डाग मोजतात आणि त्यातले थोडे कापून बघतात.

आता हिशेब. चार एकर म्हणजे साधारण 16,000 चौरस मीटर. दोन बाय दोनचा एक खड्डा म्हणजे त्यातले 4 चौरस मीटर, 0.025 टक्के. 'आम्ही एक चाचणी खड्डा घेतला, काही नव्हतं' या वाक्याची किंमत एवढीच. दर वीस मीटरवर एक असे 40 खड्डे घेतले तर 160 चौरस मीटर, म्हणजे 1 टक्का. जागेवर कुठेतरी पाच मीटर व्यासाचं एखादं गोल घर असेल, तर या चाळीसपैकी एखादा खड्डा त्याला कुठेतरी लागण्याची शक्यता साधारण 11 टक्के. तेवढंच 160 चौरस मीटर क्षेत्र लांब चरांनी उघडलं असतं, तर ती शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास राहिली असती. म्हणजे खणलेल्या प्रत्येक मीटरमागे विखुरलेले लहान खड्डे जास्त ठिकाणी पोचतात.

मग चर कशाला? कारण लागणं आणि ओळखणं यांत फार अंतर आहे. दोन मीटरच्या चौकोनात खांबाचं एक भोक दिसलं, तर ते घराचं, गोठ्याचं की उंदराच्या बिळाचं हे सांगता येत नाही. तीस मीटरच्या चरात एका ओळीत पाच भोकं, शेजारी चूल आणि पुढे धान्याचा खड्डा दिसला की वस्ती समोर उभी राहते. शिवाय यंत्रामुळे क्षेत्रफळ वाढवणं परवडतं. 5 टक्के म्हणजे 800 चौरस मीटर, तीस बाय दोनचे तेरा-चौदा चर. त्यात तेच एक घर लागण्याची शक्यता 20 टक्क्यांपर्यंत जाते, आणि वीस घरांची विखुरलेली वस्ती असेल तर त्यातलं एक तरी घर जवळपास हमखास लागतं. चाळीस खड्ड्यांनीही वीस घरांतलं एखादं लागण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या घरात आहे. दोन्ही पद्धती गाव चुकवत नाहीत. एकाकी शेतघर, एकटं दफन, एकटी भट्टी दोन्ही पद्धती सहज चुकवतात. निर्णय घेणाऱ्यानं हे आकडे डोक्यात ठेवावेत.

मात्र लांब चर आपल्याकडे जसाच्या तसा उचलून चालत नाही. तो चालतो सपाट रानात, जिथे नांगरटीखाली एकच पातळ थर आणि लगेच मूळ जमीन आहे. काळ्या मातीत काळ्या मातीनंच भरलेला खड्डा दिसत नाही, म्हणून पिवळसर गाळ किंवा मुरूम लागेपर्यंत सोलावं लागतं. मुरमावर मात्र तो खड्डा काळा ठळक उठतो. पांढरीच्या टेकाडावर यंत्राचा चर घालणं मात्र नासाडी आहे. तिथे थरावर थर आहेत, आणि बकेटच्या एका फेरीत चार पिढ्यांच्या घरांच्या जमिनी एकत्र होतात. टेकाडावर यंत्र नको. तिथे हातानंच काम.

आणि टेकाडावर दोन बाय दोनचा खड्डाही अपुरा. राखेच्या मातीच्या भिंती ढासळतात, दीड-दोन मीटरखाली त्यात माणूस उतरवणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा झिजलेल्या किंवा आधीच कापल्या गेलेल्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा चर घ्यावा. वरची पायरी सगळ्यात नवी वस्ती दाखवते, तळाची पायरी सगळ्यात जुनी, आणि टेकाडाचा माथा शाबूत राहतो. वाहतुकीच्या पुलासाठी किंवा टाकीसाठी जागा निवडणाऱ्याला 'खाली किती मीटर वस्ती आहे' हेच प्रामुख्यानं हवं असतं. ते उत्तर इतक्या कमी मोडतोडीत दुसरी कोणतीही पद्धत देत नाही.

नेवासे, इनामगाव, दायमाबाद

उभं खणणं आणि आडवं उघडणं यांतला फरक महाराष्ट्रातल्याच जागांवरून नीट कळतो.

प्रवरेकाठी नेवाशाला ह. धी. सांकळियांच्या मार्गदर्शनाखाली 1954 पासून लाडमोड टेकडीवर उत्खनन झालं. तिथे खोल उतरत गेल्यावर काळाची शिडी मिळाली: ताम्रपाषाणयुगीन वस्ती, मग मोठा खंड, मग सातवाहनकाळ, रोमन व्यापाराच्या खुणा, आणि वर मध्ययुग व मराठाकाळ. नदीच्या थरांत त्याहून किती तरी जुनी दगडी हत्यारं. जागा किती जुनी आणि वस्ती कधी तुटली, हे सांगायला उभा छेद लागतो.

घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात बारा हंगाम काम केलं आणि जमीन आडवी उघडत नेली. म्हणून 130 हून अधिक घरं समोर आली. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हवामान कोरडं होत गेलं तसं गावाचं रूप बदललं, हे कळलं. घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं, घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसं, नदीचं पाणी वळवणारा कालवा. हे सगळं एखाद-दुसऱ्या चाचणी खड्ड्यात दिसलं नसतं. दिसलं असतं एवढंच की इथे वस्ती होती. पण विकासाच्या निर्णयासाठी तेवढं उत्तर पुरतं, आणि चाचणीकडून त्याहून जास्त मागूही नये.

दायमाबादचा धडा तिसराच. 1974 मध्ये तिथे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची चार भरीव शिल्पं मिळाली. वजन एकत्र 60 किलोच्या वर. ती उत्खननात मिळाली नाहीत. एका स्थानिक माणसाला झुडपाची मुळं खणताना सापडली. नंतर एस. ए. साळी यांनी तिथे कसून उत्खनन केलं, पाच सांस्कृतिक टप्पे उलगडले, तरी ती शिल्पं नेमकी कोणत्या काळातली यावर अभ्यासकांचा वाद आहेच. वस्तू अप्रतिम आहे, पण ती कोणत्या थरात होती हे सांगणारी माती निघून गेली. पायाच्या खोदाईत पोकलेननं काढलेल्या प्रत्येक वस्तूचं हेच होतं. म्हणून 'काम चालू ठेवा, काही निघालं तर कळवा' हा पर्याय मी या यादीत सगळ्यात खाली ठेवतो. त्यात वस्तू वाचते, माहिती वाचत नाही.

जिथे खड्डा घेऊच नये

विदर्भात नागपूरच्या आसपास मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, ती जुनी दफनं आहेत. एकट्या जुनापाणीला ती सुमारे 300 आहेत, आणि 1961-62 मध्ये बा. कृ. थापर यांनी त्यातली तीनच खणली. माहुरझरीच्या वर्तुळांत घोड्याच्या कवटीवर तांब्याचे अलंकार मिळाले. इथे वर्तुळ जमिनीवर स्पष्ट दिसतं, त्यामुळे 'आहे की नाही' हे तपासायला खणण्याची गरजच नाही. नीट मोजणी करून प्रत्येक वर्तुळ नकाशावर आणा आणि आराखडा त्यांना वळसा घालून न्या. चाचणी घ्यायचीच तर वर्तुळांच्या मधल्या आणि बाजूच्या सपाट रानात घ्या, कारण माणसं राहायची तिथे. नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली ती वस्तीच्या भागात.

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, तर माती जवळजवळ नाहीच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यात बारसूचाही समावेश आहे, आणि त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला होता. जांभ्यावर कोरलेल्या चित्रासाठी खड्ड्याचा काही उपयोग नाही. तिथे पद्धत एकच: सडा चालून काढायचा, गवत आणि पातळ माती हातानं झाडायची, प्रत्येक चित्राची नोंद घ्यायची. गुराख्यांना आणि सड्यावर रोज जाणाऱ्यांना विचारल्याशिवाय ही पाहणी पुरी होत नाही. यंत्र सड्यावर चढलं की नंतर वाचवायला काही उरत नाही.

निवड कशी करावी

पांढरीचं टेकाड तुमच्या गटात असेल तर पाहणी, मग कडेला पायऱ्यांचा एक चर, आणि टेकाड कुठे संपतं हे कळण्यासाठी पायथ्याला चार बाय चारचे काही खड्डे. टेकाडाची खरी हद्द सातबाऱ्यावर किंवा डोळ्यांना दिसते त्याहून बहुतेकदा मोठी निघते, म्हणून पायथ्याचे खड्डे वगळू नका. टेकाडाशेजारच्या सपाट रानात गोदाम किंवा सौर प्रकल्प असेल तर यंत्राचे लांब चर, पण परवानाधारक पुरातत्त्वज्ञ यंत्राशेजारी उभा असेल तरच. नदीकाठच्या गाळात यंत्राचा उथळ चर फसवतो. तिथे थोडे पण खोल खड्डे लागतात. रस्ता किंवा जलवाहिनीसारखं लांबट काम असेल तर आधी पूर्ण मार्गावर पाहणी, आणि खापरं दाट असतील तिथेच खड्डे.

प्रस्ताव मंजूर करण्याआधी संस्थेला काही गोष्टी लेखी मागा. एकूण किती चौरस मीटर उघडणार आणि मूळ मातीपर्यंत जाणार का? मधेच चोपलेली जमीन किंवा दफन लागलं तर थांबणार की कापून जाणार? माती चाळणार का? कोळशाच्या नमुन्यांचं कालमापन कोण करणार, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात आहेत का? लखनौची बीरबल साहनी संस्था आणि दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र यांसारख्या ठिकाणी ते होतं, पण निकालाला वेळ लागतो. खापरं धुणं, त्यांवर क्रमांक घालणं, रेखाटनं आणि अहवाल यात खणण्याच्या कितीतरी पट दिवस जातात. अंदाजपत्रकात फक्त मजुरी आणि यंत्राचे तास असतील तर तो प्रस्ताव अपुरा आहे. वस्तू कुठे ठेवणार हेही आधीच ठरवून घ्या.

अहवालात 'अवशेष आढळले नाहीत' असं आलं, तर लगेच नकाशा मागा. खड्डे नेमके कुठे होते, किती खोल गेले, तळाला मुरूम लागला का, हे पाहिल्याशिवाय त्या वाक्यावर सही करू नका. इमारतीचा पाया जिथे येणार तिथे एकही खड्डा नव्हता असं बऱ्याचदा निघतं. कुठे पीक उभं असतं, कुठे शेतकऱ्याची संमती मिळालेली नसते.

हंगामाचंही गणित आहे. काळं रान दिवाळीनंतर वाफशावर येतं, तेव्हापासून मेपर्यंत काम करता येतं. एप्रिलनंतर माती दगडासारखी होते आणि छेदातले थर दिसायला पाणी शिंपडावं लागतं. परवान्याचा अर्ज पावसाळ्यातच गेला पाहिजे, नाहीतर एक वर्ष हातचं जातं.

आणि खड्डे बुजवण्याचं कलम करारात घाला. तळाशी वाळूचा थर किंवा जाड प्लास्टिक अंथरून, चालू वर्षाचं एखादं नाणं ठेवून मगच माती ढकलावी, म्हणजे पुढे कधी कोणी तिथे पुन्हा खणलं तर आधीचं काम कुठे थांबलं हे त्याला कळेल. हे जूनच्या आत झालंच पाहिजे. उघडा राहिलेला छेद एका पावसात बसतो, आणि भिंतींतून पाणी शिरून शेजारचे न खणलेले थरही वाहून नेतो.